वायरीचं गाऱ्हाणं

नीलमला नुसतं "नाही" म्हणून कुणाची सुटका होत नसे. ती वाद घालायची नाही, रुसायची नाही; ओढणी खोचून शांतपणे विचारायची, "बरं. मग कधी?" श्रीवर्धनला आमच्या समोरच्या खोलीत ती भाड्याने आली, त्या पहिल्याच दिवशी गळक्या नळावरून प्लंबरला तिने हेच विचारलं, आणि तो मुकाट पाना घेऊन वर आला.

नोकरी मुंबईच्या कंपनीत. पण आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, म्हणून ही घरून काम करायची. मोबाइलला रेंज यायची ती गच्चीच्या एका कोपऱ्यात. ही बया भर उन्हात डोक्यावर टॉवेल घेऊन तिथे मीटिंगला बसायची, आणि खाली आईने हाक मारली की माझी बायको धावायची. शेवटी ऑफिसने बजावलं: गुढीपाडव्यापर्यंत घरात वायरीचं इंटरनेट घ्या, नाहीतर मुंबईला हजर व्हा. आईला प्रवास झेपणारा नव्हता, आणि तिला दुसऱ्यावर टाकून जाणं नीलमला मान्य नव्हतं.

वायर नाक्यापर्यंत आली होती. अडलं होतं घरमालकापाशी. नाना मुंबईला राहायचे. वादळानंतर त्यांनी इमारतीला नवा रंग काढला होता, तेव्हापासून खिळा म्हटलं तरी ते अंगावर धावून यायचे. "माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही," ते फोनवर म्हणाले.

"बरं. मग कधी?"

"शिमग्याला येतो, तेव्हा बघू."

शिमग्याला आले आणि म्हणाले, "गणपतीनंतर बघू." मी वैतागलो. "सोड गं आता, नाना भारी चिवट माणूस आहे."

"मी कुठे मऊ आहे, काका?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिमग्यातली ग्रामदेवीची पालखी दारात आली. आमच्याकडे पालखीपुढे गुरव घराघरासाठी देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. नीलमने नारळ पुढे केला आणि गुरवाच्या कानाशी काहीतरी बोलली. तो जरा थबकला. मग खाकरून म्हणाला, "आये, ही तुझी लेक आईची सेवा करते हाय. तिला यश दे."

"व्हय महाराजा."

"तिच्या घरात इंटरनेटची वायर येऊ दे. नानाच्या भिंतीतनं येऊ दे."

"व्हय महाराजा." सगळ्यांत मोठा आवाज नानांचाच, जन्माची सवय. बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ही काय पद्धत झाली?" ते पुटपुटले.

"देवीपुढं बोललाव, नाना," गुरव म्हणाला. "आता मागं न्हाय फिरायचं."

सगळं अंगण हसत होतं, नीलम सोडून. तिने हात जोडले. "बरं. मग कधी?"

"उद्या," नाना म्हणाले. "पण भोक एकच."

पाडव्याच्या आधी वायर आत आली. नीलमने टेबल आईच्या पलंगाला भिडवलं. कानाला हेडफोन, एक हात कीबोर्डवर, दुसरा आईच्या कपाळावर. मला तिचं फार कौतुक वाटायचं, तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

त्या पावसाळ्यात एका दुपारी, काम चालू असतानाच, म्हातारी गेली. दिवसकार्य उरकून नीलमने खोली सोडली. निरोपाला आली तेव्हा बायको रडायला लागली, आणि मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सगळं घेतलंस ना?"

"घेतलं," ती म्हणाली. मग चप्पल घालता घालता थांबली. "आईला शेवटचं पाणी माझ्या हातून गेलं, काका. मला तेवढंच हवं होतं."