आबांनी पाहिलेला तंबोरा

आज शेजारी कुणीतरी धूप जाळला आणि मला शहाद्यातली ती संध्याकाळ आठवली. मैफलीत असाच धूप दरवळत होता. गायिकेने सगळ्यांना डोळे मिटून नुसता तंबोरा ऐकायला सांगितला. सभागृह शांत झालं. गाण्यावर जीव टाकणारे माझे वडील, आबा, मात्र उघड्या डोळ्यांनी तारांकडे बघत होते.

"तार हालतांना दिखस, पन सूर ऐकू येत नही," ते हळूच म्हणाले.

"आबा, कानले मशीन लेऊत," मी म्हणालो. तेव्हा मला ते इतकं सोपं वाटलं होतं.

मशीन आलं. त्यातून बोलणं कळायचं, पण गाणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजायचं. आबांनी रेडिओ देऊन टाकला. पुढे मरेपर्यंत त्यांनी गाण्याचा विषय काढला नाही.