राहा मग इथेच

खराडीच्या आमच्या ऑफिसात कुणी डब्यातला वरणभात गरम केला, की त्या तुपाच्या वासाने मी अजूनही उठून बाहेर जाते.

मी पाच वर्षांची होते. आई सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि मी दिवसभर हडपसरच्या एका पाळणाघरात. त्या संध्याकाळी तिला उशीर झाला, म्हणून पाळणाघराच्या काकू मला तूप घातलेला वरणभात भरवत होत्या. आई दारात आली आणि हात पसरून म्हणाली, "कम, बेबी!" माझ्या तोंडात घास होता. मी काकूंच्या मांडीवरून लगेच उठले नाही.

आईचा चेहरा बदलला. "काकू जास्त आवडतात ना? राहा मग इथेच." ती जिना उतरू लागली.

"अहो ताई, घास तरी गिळू द्या पोरीला!" काकू म्हणाल्या.

खाली स्कूटी सुरू झाली आणि तिचा आवाज लांब गेला. मी रडले नाही, पण घास तसाच तोंडात राहिला. बऱ्याच वेळाने आई धावत परत आली आणि मला घट्ट धरून रडू लागली. "तू मला सोडून नाही ना जाणार?" मी तिची पाठ थोपटली.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिला व्यक्तिमत्त्व विकार असल्याचं सांगितलं. ती दोन वर्षांची असताना आजीने तिला स्वतःपासून दूर, तिच्या मामाकडे ठेवलं होतं, माणसं सोडून जातील या तिच्या भीतीचं मूळ तिथे असू शकतं, असंही ते म्हणाले. त्या जिन्यावर माझ्याइतकीच तीही घाबरली होती, हे मला आता पटतं.

काल भर मीटिंगमध्ये तिचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.