येरवड्याला राहणारा भाऊ

सांगलीहून निघालो तेव्हा माझ्याजवळ जाण्याचं एक तिकीट होतं आणि परतीची दोन. दुसरं माझ्या धाकट्या भावाचं, विनूचं. त्याला कायमचं घरी आणायचं आमच्यात ठरलं होतं. माडीवरच्या खोलीला रंगही देऊन झाला होता. फक्त विनूला यातलं काही माहीत नव्हतं.

विनूला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. निम्मे लोक भितात, निम्म्यांना जमत नाही. मी दुसऱ्या गटातला. तरुणपणी त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. दवाखाने झाले, औषधं लागू पडली. आता तो पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि येरवड्याला खोली घेऊन एकटा राहतो. गल्लीत लोक विचारतात, "विनूला कुठं ठेवलंय?" मी म्हणतो, "कल्याणीनगरच्या बाजूला." येरवडा म्हणायची सोय नाही. ते नाव काढलं की आमच्या गल्लीला एकतर तुरुंग आठवतो, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ.

स्वारगेटला उतरलो आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगायला लागलो. नदी ओलांडली की, पुलाच्या पलीकडे, कल्याणीनगरच्या अलीकडे...

"अहो, येरवडा म्हणा की सरळ," तो म्हणाला. "नाव घेतलं म्हणून कुणी आत घेत नाही."

विनूची खोली गायकवाडबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. दारातल्या कुणाला तरी "जय भीम" करून त्या माझ्याकडे वळल्या. मी आवाज खाली आणून विचारलं, "कसा आहे हो विनू? त्रास नाही ना देत?"

"वर आहेत. त्यांनाच विचारा," बाई म्हणाल्या. "आणि हळू बोलायचं कारण नाही, इथं कुणी झोपलेलं नाही."

विनू बारीक झाला होता. रात्री त्यानं ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाचं वरण केलं. भात वाटीभर. मी डाव पुन्हा भाताकडे नेला तेव्हा तो म्हणाला, "तू घे. ह्या गोळ्यांवर भात जास्त झाला की भात आणि मी, दोघं मिळून फुगतो." जेवणानंतर मी चहाचं विचारलं. दुपारनंतर तो चहा घेत नाही, झोप बिघडते म्हणे. तंबाखू तर कधीचीच सुटली होती. मग पातेलं घेऊन मी एकट्यासाठी चहा केला आणि चोरासारखा प्यायलो.

घरी चलण्याचा विषय मी सकाळवर ढकलला. सकाळी तो मला उठवून बंडगार्डनच्या पुलाकडे फिरायला घेऊन गेला. नदीवर जलपर्णी (पाण्यावर पसरणारं हिरवं तण) गालिच्यासारखी अंथरलेली, तिच्यावर बगळे पाय मोजून टाकत होते. वास मात्र गालिच्याचा नव्हता. विनू झपाझप पुढे. माझी चप्पल, माझं पोट आणि मी, तिघं आपापल्या वेगानं मागून.

"अजून ऐकू येतं का रे काही?" मी धापा टाकत विचारलं.

"येतं कधीकधी. पण मी चालायला लागलो की ते मागे पडतात. दम लागतो त्यांना, तुझ्यासारखा."

मी कठड्याला टेकलो. तो थांबला. म्हणाला, "दादा, गोळी डॉक्टरांची. ती मी चुकवत नाही. पण हे चालणं माझं. कधी झोपायचं, काय शिजवायचं, तेही माझं. पूर्वी माझं असं काहीच नव्हतं."

खिशातलं दुसरं तिकीट मला टोचल्यासारखं झालं. तिकीट मोबाइलमध्ये होतं, तरीही.

परत येताना तो मला त्याच्या गटात घेऊन गेला. हाच आजार असलेली माणसं आठवड्यातून एकदा तिथं जमतात, बोलतात, व्यायाम करतात. व्यायाम विनूच घेतो. दारात एक नव्या ताई होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. एक बूट घातलेला, ताठ, वेळेवर आलेला. दुसरा घामाघूम, केस उभे, "इथं बसलं तर चालेल का?" असं विचारणारा. ताईंनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि विनूला विचारलं, "औषध घेतात का वेळेवर?"

माझी रक्तदाबाची गोळी सांगलीतच राहिली होती. विनूला ते ठाऊक होतं.

"विसरतात," तो म्हणाला.

"झोप?"

"भरपूर. घोरतात."

"यांना साखरेचा चहा चालतो?"

"चालू नये. पण आग्रह नको करायला, हळूहळू येतील वळणावर."

मी तिथंच बसलो होतो, तोंडात जीभ होती, तरी सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. बोलायला तोंड उघडलं तर ताई म्हणाल्या, "शांत बसा हं काका, काही काळजी करू नका." आणि मी खरंच शांत बसलो! विनूला हसू आवरेना तेव्हा कुठे ताईंना उलगडा झाला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. मला मात्र बिनसाखरेचाच चहा मिळाला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "काय झालं? येतोय का तो? त्याला जमेल ना प्रवास?"

मी उत्तर द्यायला लागलो आणि थांबलो. "तो इथंच बसलाय. त्यालाच विचार," म्हणालो आणि फोन विनूच्या हातात दिला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. खोलीचा रंगही ऐकला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, दिवाळीला चार दिवस येतो. गोळ्या घेऊन येईन, भाकरी तुमच्या हातची. पण राहायला नाही. इथं माझं बसलंय सगळं. आणि ती खोली दादाला द्या, तुम्हाला झोप तरी लागेल."

पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण फोन ठेवताना विनू हसत होता. मला ते "नाही" पचायला थोडा वेळ लागला. भाऊ हरवल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

दुपारी स्वारगेटला कंडक्टरनं मशीनमध्ये पाहिलं. "दोन सीट आहेत. दुसरे कुठंयत?"

"भाऊ आहे. तो येत नाही. येरवड्याला असतो."

कंडक्टरनं वर पाहिलं. "ठेवलंय?"

"राहतो," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या.

रिकाम्या सीटवर विनूनं दिलेली भाकरी-भाजीची पिशवी ठेवली. साताऱ्याच्या पुढे गाडी थांबली. सगळे वड्यांच्या कढईकडे धावले. मी आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ड्रायव्हरला वाटलं, टायर बघतोय.

मग चहा घेतला. साखरेचा. तेवढं अजून माझं आहे.