तीस अंश

आमचे कापड विणायचे लूम होते. धागा तुटला की गाठ मारायची आणि लूम चालू ठेवायचा, एवढं एकच शास्त्र वडिलांनी मला शिकवलं. मी पुढे कॉम्प्युटरकडे वळलो, पण खोड गेली नाही.

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत भिवंडीजवळ मानकोलीच्या एका औषधांच्या गोदामासाठी मी प्रोग्राम लिहिला. थंड खोलीचं तापमान आठ अंशांवर गेलं की भोंगा वाजायचा आणि वॉचमन जनरेटर लावायचा. हा आठचा आकडा शोधून आणायला मी एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा कोडचा वेगळा तुकडा, केली होती. आकडा विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत असो, साध्या फाइलमध्ये असो की सर्व्हरवर, प्रोग्रामने फक्त मागायचा. एकीकडे नाही सापडला तर लायब्ररी दुसरीकडे बघायची. कुठेच नाही मिळाला तर मी तिच्यातच लिहून ठेवलेला आकडा गुपचूप द्यायची. काम थांबता कामा नये. या हुशारीवर मी फार खूश होतो.

एका शनिवारी दुसऱ्याच कामाला गेलो, तर पडद्यावर मर्यादा दिसली तीस. माझ्या पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत चाचणीसाठी लायब्ररीत टाकलेला आणि तिथेच राहून गेलेला आकडा. मंगळवारी कुणीतरी विंडोज नव्याने टाकलं होतं, रजिस्ट्री कोरी झाली होती, आणि फाइलमध्ये किंवा सर्व्हरवर मी आठ कधी ठेवलाच नव्हता. वॉचमन म्हणाला, चार दिवसांत भोंगा वाजला नाही, म्हणून जनरेटरही लावला नाही. आत इन्सुलिन होतं. गुरुवारी त्यातलाच माल भिवंडीच्या दुकानांत गेला होता. माझी आई रोज इन्सुलिन घ्यायची, तिथल्याच दुकानातलं.

गोदामाचे सुपरवायझर काका मानकोलीचेच. भिंतीवरच्या यंत्रात तापमानाची रेघ कागदावर उमटायची, तो कागद त्यांनी काढला, चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवू लागले. मी वज्रेश्वरी देवीला नारळ कबूल केला. रेघ साडेसातपर्यंत चढून परतली होती.

"तुझ्या प्रोग्रामला ठाव न्हवता तं न्हाय सांगाचा ना," काका म्हणाले. "गप कशाला ऱ्हायला?"

तो तीस मी तिथेच बसून पुसला आणि आठ परत भरला. आता आकडा नाही सापडला तर भोंगा वाजतो.

संध्याकाळी फ्रिजमधून आईची बाटली काढली. रेघ डोळ्यांनी पाहिली होती, तरी बाटली उजेडात धरून बघत राहिलो. बिघडलेलं इन्सुलिन बघून कळतंच असं नाही, हे मला ठाऊक होतं. आईने बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजच्यासारखी बाही वर केली आणि दंड पुढे धरला.