अपिलाच्या आधीचं गूळ-पाणी

ती बाई दारात आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. तिचा नवरा कोल्हापूरजवळ अंध बायकांचं वसतिगृह चालवायचा. माझी आंधळी मावशी आधी तिथंच राहायची, आता आमच्याकडं असते. कुणी उलट बोललं की तो काठीनं मारायचा, खोलीत कोंडायचा. त्याला शिक्षा झाली, त्यानं अपील केलं आणि तारीख जवळ आल्यावर त्याची बायको भर उन्हात आमच्याकडं आली.

"माफ केलं म्हणा की, मावशी. पोरं उघड्यावर पडत्यात." उंबऱ्याशी बसून ती रडायला लागली.

माझं डोकंच तापलं. चल नीघ, एवढंच तोंडात होतं. पण मावशी म्हणाली, "आदी पाणी दे तिला. गूळ बी दे, नुसतं पाणी देऊ न्हाय." मी तांब्या आपटूनच ठेवला. बाईनं गूळ खाल्ला, पाणी प्याली आणि गेली. माफीचं मावशी एक अक्षर बोलली नाही.

अपिलाच्या दिवशी त्यांचे वकील उभे राहिले. म्हणाले, दोन्ही घरांत गूळ-पाणी झालंय, वाद मिटलाय, शिक्षा कमी व्हावी. आमच्याकडं भांडणं मिटतात ती अशीच, तोंड गोड करून. मागच्या बाकावर कुणीतरी मानसुद्धा डोलावली. मावशीचा चांगुलपणाच आता त्याला सोडवणार, असं वाटून मला तिचाही राग आला.

न्यायाधीशांनी मावशीला विचारलं, हे खरं का? ती माझ्या दंडाला धरून उठली. तिची बोटं रुतत होती.

"पाणी दिलं, व्हय. उन्हातनं आलती. वैरी असला तरी दारातनं तसाच धाडत न्हाईत. पण सायेब, ह्यो आमास्नी कोंडायचा तवा आमी दार बडवून पाणीच मागत हुतो. ह्याच्या बायकूच्या बांगड्या भायेर वाजायच्या. दार कुनी उगडलं न्हाय."

वकील खाली बसले.

पुढं अपील फेटाळलं गेलं, शिक्षा कायम राहिली. पण त्या दिवशी ते काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही बाहेर आलो, तर ती बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून हुंदके देत होती. मावशीनं कान दिला.

"तीच हाय न्हवं? पाणी दे जा तिला."

मी बाटली पुढं केली. गूळ जवळ नव्हता. असता तरी दिला नसता.