मुंग्या नसलेली कणीक

मी मळलेली कणीक मॅडमनी माझ्यासमोर फेकून दिली. अख्खी परात. तंबूंच्या मागे ओल्या कचऱ्यासाठी खड्डा होता, त्यात. माझ्या बोटांना अजून पीठ चिकटलेलं होतं. मॅडम वळून सगळ्यांना म्हणाल्या, "इसमें चींटियाँ लग गई हैं. श्वेता, तुम दूसरा आटा लगाओ."

मुंग्या नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. मी मळत होते, मला माहीत नसणार?

आम्ही इंदूरहून चोरलच्या जंगलात आलो होतो. एम.एस्सी.ची अभ्याससहल, विषय वनस्पतिशास्त्र, मुक्काम तंबूत. दिवसभर जमिनीवर दोरीचा चौकोन आखायचा, त्याच्या आतलं एकेक रोप ओळखायचं, मोजायचं. संध्याकाळी स्वयंपाक आपला आपण. त्या दिवशी दाल-बाफले ठरले होते, म्हणजे वरण आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे. बाफल्यांची कणीक घट्ट लागते, मला ती जमते, म्हणून मी आपणहून बसले.

इंदुरात मराठी माणसाची एक गंमत आहे. आडनावाच्या शेवटी 'कर' दिसलं की इथले लोक त्याला ब्राह्मण समजून सरळ पंडितजी करून टाकतात. श्वेता माझी वर्गमैत्रीण, तंबूतली जोडीदार, बडा गणपती भागात राहणारी. तिची आई मला सणावाराला पहिल्या पंगतीत बसवायची. आम्ही पंडित नाही हो, असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाली, "कितनी सीधी बच्ची है." आणि वर आणखी एक पुरी वाढली.

पण मॅडम पुण्याकडच्या, नुकत्याच इथे आम्हाला शिकवायला आलेल्या. त्यांची अशी गफलत होत नाही. मी मळत होते तेव्हा त्या खुर्ची टाकून शेजारी बसल्या. हातात चहा.

"आपल्याकडच्या मुलींचा हात कसा चालतो बघ. मूळ गाव कुठलं गं तुमचं?"

"अकोल्याकडचं, मॅडम. आजोबा इथल्या मिलमध्ये आले."

"अस्सं. आणि कुलदैवत?"

"आमचं कुलदैवत नाही, मॅडम. आम्ही बौद्ध."

त्यांनी चहा खाली ठेवला. उठून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या परात उचलायलाच.

मग मला बाजूला घेतलं आणि मायेने, खांद्याला हात न लावता, म्हणाल्या, "तू मुलांबरोबर टॉयलेटच्या खड्ड्याचं बघ. तुम्हा लोकांना सवय असते. बाकीच्या मुली कंटाळा करतात."

हे मराठीत. म्हणजे बाकी कोणाला कळू नये. मॅडम मराठी आहेत म्हणून कॉलेजात त्यांच्या पहिल्या तासाला मी किती हरखले होते. घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, बरं झालं, आपलं कोणीतरी आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो मी तोवर फक्त ऐकला होता.

मी फावडं उचललं. हो, उचललं. खड्डा खणण्यात कमीपणा नाही, कोणीतरी खणायलाच हवा. पण तो माझ्या जन्माला चिकटवून दिला होता. आमच्या शहराला ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा भारी अभिमान. माणसंही तितक्याच सफाईने वेगळी करता येतात, हे मला जंगलात येऊन कळलं.

खणता खणता वर्गातला एक मुलगा हसला. "अरे भिया, आज पंडितजी भी गड्ढा खोद रहे?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण माझं डोकं भणाणलं. याला काहीच माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आणि मी गप्प राहिले तर ते मॅडमच्याच सोयीचं आहे. मी फावडं टाकलं आणि चुलीकडे गेले. सगळे तिथेच होते. श्वेता नवी कणीक मळत होती.

मी म्हणाले, "आटे में चींटियाँ नहीं थीं. मैडम ने मेरी जात पूछी. मैंने बताई. इसलिए फेंका."

श्वेताचे हात परातीत थांबले, मान वर झाली नाही. मॅडम म्हणाल्या, "थक गई है बेचारी." मग कोणीतरी गोवऱ्यांवरचा धूर हाताने बाजूला केला, आणि बाफले झाले, आणि सगळे जेवले. मी जेवले नाही. तंबूत पडून रडले. भूक लागली होती याचाही राग आला.

सकाळी मॅडम पुन्हा मराठीत आल्या. "तुझा गैरसमज झालाय. विसरून जा. इंटर्नलचे मार्क माझ्याकडेच आहेत, मला तुझं नुकसान करायचं नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी म्हणाले, "मॅडम, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. हिंदीत."

त्या निघून गेल्या.

घरी पप्पांना सांगितलं. ते पीथमपूरच्या कारखान्यात आहेत. म्हणाले, "बेटा, थोडे दिन की तो बात है. डिग्री हातात येऊ दे, मग बोल." त्यांची डिग्री कधीच हातात आलेली आहे. ते अजून बोललेले नाहीत. मला त्यांच्यावर चिडता येईना, आणि ऐकताही येईना.

मी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे तक्रार दिली. त्यानंतर मॅडमनी श्वेताच्या हाती निरोप धाडला.

"यार, वो सॉरी बोलने को तैयार हैं," श्वेता म्हणाली. "बस, अकेले में."

"तू गवाही देगी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मम्मी नहीं मानेंगी."

ठीक आहे. साक्षीला कोणी नाही. समितीसमोर मी एकटी जाणार आहे. मार्क कापले तर पुन्हा परीक्षेला बसेन, वर्ष गेलं तर जाऊ दे. तक्रार मागे घेणार नाही. एकांतातली माफी मला नको. ज्यांच्यासमोर परात उपडी केली त्या सगळ्यांना गोळा करा, आणि त्यांना कळेल अशा भाषेत बोला.