माळवदाच्या घराची मापं

जुनी घरं मोजायच्या कामात किस्से फार साठतात. टेपचं एक टोक धरून उभं राहिलं की घरातलं माणूस बोलायला लागतं, आणि आपल्याला तर जागचं हलता येत नाही. मी सोलापुरात आर्किटेक्चर शिकवते, सुट्टीत खेड्यातल्या जुन्या घरांचे नकाशे काढते. सोबतीला आमचे लतीफभाई गवंडी. वैरागजवळच्या दत्तूअण्णांच्या घराची वही उघडली, की त्यात मापं कमी आणि समासातल्या नोंदीच जास्त.

घर माळवदाचं. दगडी भिंती, सागवानी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छत. अण्णांच्या पणजोबांनी बांधलेलं. ते पाडून स्लॅबचं घर करायचं ठरलं होतं. निदान नोंद तरी राहावी म्हणून आम्ही गेलो.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अण्णा, ह्या घराला हेरिटेज व्हॅल्यू आहे."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हंजे ऱ्हायला चांगलं, का बघायला?"

मी टेप गुंडाळत बसले.

* * *

लतीफभाईंना भिंतीवर टकटक करत फिरायची सवय. माजघरात एके ठिकाणी आवाज पोकळ आला. अण्णा लगबगीनं उठले आणि आधी बाहेरच्या दाराला कडी घालून आले. "कुनाला बोलू नगा," म्हणाले.

दगड काढला. आत कोनाडा, आणि कोनाड्यात भिंतीचा सरळपणा तपासायचा एक लोखंडी ओळंबा. दोरी कुजून गेलेली.

"एवडंच व्हय?" अण्णांचा चेहरा उतरला. "इसरला आसंल कुनीतरी."

"गवंडी हत्यार इसरत न्हाय, अण्णा. मुद्दाम ठिवलाय."

"कशापायी?"

लतीफभाईंनी नवी दोरी बांधून ओळंबा त्याच भिंतीला सोडला. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. "मागनं कुनी तपासाया आलं तर," ते म्हणाले. "भिंत केसभर हालली न्हाय."

* * *

अण्णांची सून सुनंदा. घर पाडायचा आग्रह मुख्यतः तिचा. एकदा मी जेवताना तिला माळवदाचे गुण सांगत होते. माती कशी श्वास घेते, उष्णता कशी अडवते, असं सगळं. मग तिनं दुधाचं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं. सायीवर मातीचे बारीक कण पडले होते.

"ताई," ती म्हणाली, "तुमचं हेरिटेज रोज दुधात पडतंय की."

त्या दुपारी मी आणि लतीफभाईंनी चुलीच्या वरच्या तुळयांना तिचं जुनं लुगडं ताणून बांधलं. मी इतकी वर्षं शिकवते. पण छताखाली रांधणाऱ्या बाईला काय लागतं, हे एकाही वर्गात बोलले नव्हते.

* * *

शेजारच्या शिवाजीरावांचं स्लॅबचं घर बांधून झालं होतं. "पाडा, अण्णा, पाडा. जुन्यात काय राम हाय," असं ते रोज सांगायचे. सांगायचे मात्र अण्णांच्या सोप्यात, गार फरशीवर उशी घेऊन आडवे होऊन. एप्रिलच्या दुपारी त्यांच्या घरात पंखासुद्धा गरम वारा मारायचा.

मी विचारलं, "हे पाडल्यावर तुम्ही दुपारी कुठं झोपणार?"

ते उठून बसले. एवढा विचार त्यांनी केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून "पाडा" म्हणायचं बंद झालं. झोपायला येत राहिले.

* * *

नकाशा पुरा झाला, तो घेऊन गेले त्या दिवशी अण्णांची धाकटी बहीण सासरहून, केमहून आली होती. तिला सगळे आक्का म्हणत. घरात तिचाही वाटा, त्यामुळे पाडायला तिची सही लागणार होती. कागद बाजेवर तयार होता. आक्का म्हणाल्या, "सई करते की. माझं काय हाय त्यात." पेन हातात घेतलं, तेवढ्यात त्यांना शेजारी पसरलेला नकाशा दिसला.

"ह्ये काय?"

"आपलं घर," मी म्हटलं. "वरून बघितल्यावर असं दिसतं. हे बाहेरचं दार."

त्यांनी पेन ठेवलं आणि दारावर बोट टेकवलं. बोट हळूहळू आत निघालं. उंबऱ्याच्या रेघेशी आल्यावर त्यांनी ते उचललं आणि पलीकडे ठेवलं. सोपा झाला, माजघर झालं. प्रत्येक उंबऱ्याला बोट उचलून पलीकडे. शेवटी मागच्या खोलीत जाऊन थांबलं.

"हितं निजायची मी," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "ह्यो कागद मला देता का, बाई? पुन्यांदा म्हायेरला यावं वाटलं तर?"

सुनंदा चहा घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवले आणि आक्कांचा हात धरला.

"आत्या, कागदावर काय हिंडताय? उठा, आत चला."

दोघी आत गेल्या. बराच वेळ आतून फक्त बोलण्याचा आवाज येत राहिला. चहा निवला. अण्णांनी पेनाला टोपण लावलं, सहीच्या कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"मॅडम," ते म्हणाले, "नकाशाची आनखी एक प्रत काढा. आक्कासाटी."